लाच, टक्केवारी आणि "हे कधी संपणार भाऊ?" : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसतो आणि कुणाला माहिती अधिकाराचा अर्ज, कुणाला तक्रार लिहून देतो. फुकट. तिथं आणि व्हॉट्सअॅपवर जळगाव-धुळे-नंदुरबारहून तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी वकील नाही, माझं किराणा दुकान आहे, तेव्हा स्वतःची केस असेल तर वकिलाला विचारा.

१. चहापाण्याला दिलेले शंभर रुपये पण भ्रष्टाचारच का?

हो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे, त्यात अमुक रकमेच्या खाली चालेल असं कुठंच लिहिलेलं नाही. आणि पैसेच पाहिजेत असंही नाही, वस्तू, फुकट गाडी, पोराची नोकरी, काहीही धरतात. हिवाळ्यात एकाने विचारलं होतं की साहेबांना शेतात भरीत पार्टी दिली, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, ही लाच का? आता तुमची फाईल त्यांच्या टेबलावर नसेल तर तो पाहुणचार. फाईल असेल आणि पार्टी त्यांनीच "सुचवली" असेल तर वांगं कुठलंही असो, लाच.

२. तलाठ्याची चिरीमिरी आणि मंत्र्याचा घोटाळा एकाच पारड्यात कसे टाकता?

टाकत नाही. मी तीन प्रकार धरतो. एक चिरीमिरी, जी तुमच्या-माझ्या खिशातून जाते आणि लगेच टोचते. दुसरी टक्केवारी, जी रस्त्यातून, गटारीतून, शाळेच्या खोलीतून जाते आणि पहिल्या पावसात दिसते. तिसरा प्रकार म्हणजे नियमच कुणाच्या तरी सोयीचा करायचा, जमिनीवरचं आरक्षण उठवायचं, अट अशी टाकायची की एकाच कंपनीला टेंडर मिळेल. तिसऱ्यात लाच मागितली म्हणून ओरडणारा कुणीच नसतो, देणारा पण खूश घेणारा पण खूश, म्हणून तो सगळ्यात अवघड.

तिन्ही एकमेकांत अडकलेले आहेत मात्र. ज्याने बदलीला पैसे मोजले तो ते वसूल तुमच्याकडूनच करणार ना.

३. मग हे कधी संपणार? एका शब्दात सांगा.

सगळा? नाही. पण एकेक प्रकार संपतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत संपलेला आहे, फक्त संपल्यावर कुणी त्याची आठवण काढत नाही.

सिमेंट घ्या. एके काळी सिमेंट कोट्याने मिळायचं, परमिट लागायचं, घर बांधायचं तर पोत्यांसाठी चकरा. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याची खुर्ची या सिमेंटपायी गेलेली आहे, १९८२ च्या जानेवारीत हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि ए. आर. अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढं १९८९ ला सिमेंटवरचं नियंत्रण पूर्ण उठलं. आज तुम्ही दुकानदाराला फोन करता, संध्याकाळी ट्रॅक्टर दारात. सिमेंटसाठी लाच हा शब्दच गेला, आणि तो काही लोक सज्जन झाले म्हणून गेला नाही, परमिटवाली खुर्चीच गेली. टेलिफोनचं तेच. आमच्या गल्लीत एकाच घरी फोन होता तेव्हा लाईनमन म्हणजे जावई, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि वर पाकीट. आता लाईनमन रस्त्यात भेटला तर ओळखू येत नाही.

म्हणून "संपणार का" असं मोघम विचारण्यापेक्षा कुठल्या खिडकीवरचा, कुणाच्या सहीवरचा ते विचारा, मग उत्तर सापडायला लागतं.

४. सगळं ऑनलाईन केलं की संपेल ना?

अर्धं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो, त्यासाठी आता कुणाच्या पाया पडावं लागत नाही, हे मोठं काम झालं. पण सातबारा काढणं आणि सातबाऱ्यावर नोंद लावणं यात फरक आहे. नोंद लावायला माणूस लागतो, आणि माणूस आला की...

आमचंच सांगतो. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज दिला, कागद सगळे पूर्ण. नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, बस एवढंच काम. चार महिने गेले. नेट नाही, सर्व्हर डाऊन, साहेब मीटिंगला. ऑफिसबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक माणूस बसायचा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दुसऱ्यांचे स्टॅम्प पेपर, त्याला सरकारी पगार नाही पण सगळी कपाटं त्याला माहीत. बातम्यांत ज्याला "खाजगी पंटर" म्हणतात तो. एक दिवस तोच बोलला, "भो, पैसा दिधाबिगर व्हत नही, काब्र चकरा मारतस?" (म्हणजे पैसे दिल्याशिवाय होत नाही, कशाला चकरा मारता?) माझ्या मोठ्या भावाने मला न सांगता दोन हजार दिले आणि तिसऱ्या दिवशी नोंद लागली. तेव्हा सर्व्हर कसा काय अप झाला कुणास ठाऊक. (तालुका सांगत नाही. आणि हो, आम्ही पण दिले, त्याबद्दल प्रश्न ५.)

५. आपण अडलेले असतो म्हणून देतो. देणाऱ्याला पण शिक्षा होते का?

२०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हा पण सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दोन सुटका आहेत, त्या पाठ करून ठेवा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांत किंवा एसीबीकडे (म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) कळवलं तर तुमच्यावर गुन्हा नाही. आणि आधीच कळवून मग दिली, म्हणजे सापळ्यासाठी, तर प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर सात दिवस कमी आहेत. ज्याचा सातबारा अडकलाय तो सात दिवसांत तक्रार करेल की आधी नोंद लागायची वाट बघेल? माझ्या भावाने दिले तेव्हा हा नियम नव्हता, पण असता तरी तो गेला नसता, खरं तेच सांगतो.

६. सापळा म्हणजे ट्रॅप कसा लागतो? माझे पैसे परत मिळतात का?

१०६४ हा एसीबीचा टोल फ्री नंबर. फोन लावा नाहीतर सरळ जा, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी युनिट आहे. कुठं तक्रार केली हे गावात कुणालाच सांगू नका, सख्ख्या साल्याला पण नाही.

आधी पडताळणी होते. तुम्हाला रेकॉर्डर देऊन पंचासोबत पाठवतात आणि समोरचा खरंच मागतोय का हे बघतात. मागणी रेकॉर्ड झाली की नोटांचे नंबर लिहून घेतात, नोटांना पावडर लावतात, पंच पण सरकारी नोकरच असतात. तुम्ही ठरलेला इशारा करायचा, टोपी काढणं, डोक्यावरून हात फिरवणं असलं काहीतरी. नोटांना फिनॉल्फ्थॅलिन लावलेलं असेल तर घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. एकाने सांगितलं की त्या गुलाबी पाण्यापेक्षा साहेबांच्या तोंडाचा उडालेला रंग जास्त लक्षात राहिला.

नोटा पुरावा म्हणून जमा होतात, पण तेवढी रक्कम विभाग तुम्हाला परत देतो. ज्याची पैसे आणायचीच ऐपत नाही त्याने तसं तोंडावर सांगायचं, लाजायचं नाही.

एक चूक सगळे करतात. "साहेब, हे घ्या ना" असं स्वतःहून बोलून टाकतात. मागणी समोरून आली पाहिजे. नुसते पैसे सापडले आणि मागणी सिद्ध झाली नाही तर केस उभी राहत नाही.

७. ट्रॅप झाला पण कोर्टात तक्रारदारच फिरला, मग केस संपली का?

पूर्वी बहुतेक वेळा तसंच व्हायचं. आरोपीचे नातेवाईक घरी येतात, "पोरीचं लग्न आहे हो त्यांच्या", गावातले चार शहाणे मध्ये पडतात, आणि तक्रारदार साक्षीला उभा राहून म्हणतो मला आठवत नाही. १५ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी पंच आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. तेव्हा तक्रारदार फिरला म्हणून आरोपीची काही हमखास सुटका होत नाही.

८. तलाठी, वायरमनच पकडले जातात. मोठे मासे का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरा आहे. सापळा हे हत्यार हजार-पाच हजाराच्या नोटांसाठी बनलेलं आहे. मोठा पैसा हातात घेतला जात नाही, तो जावयाच्या कंपनीत, दुसऱ्याच्या नावावरच्या प्लॉटमध्ये असतो. शिवाय खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते, कायद्यात त्याला तीन महिने आणि फार तर अजून एक महिना अशी मुदत घातली आहे. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी करायची तर २०१८ पासून चौकशीलाच पूर्वपरवानगी लागते. म्हणजे वाघाच्या चौकशीला जंगलाची परवानगी.

पण "कधीच नाही" असं म्हणू नका. जळगावचं घरकुल प्रकरण डोळ्यासमोर आहे. २००६ च्या फेब्रुवारीत गुन्हा दाखल झाला, तोही खुद्द महापालिकेच्या तेव्हाच्या आयुक्तांच्या फिर्यादीवरून. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी ठरवलं, माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड. पुढं अपिलं हायकोर्टात गेली, जामीन झाले. आता तुम्हीच हिशेब करा, फिर्याद ते निकाल साडेतेरा वर्षं, फिर्यादीच्या साली पहिलीत गेलेलं पोरगं निकालापर्यंत कॉलेजात. शिक्षा कितीही मोठी असो, ती इतक्या उशिरा येते म्हणून लोकांना तिची भीती वाटत नाही, दुखणं तिथं आहे. कायदा म्हणतो दोन वर्षांत खटला संपवायचा प्रयत्न करा. प्रयत्न.

९. टक्केवारी नक्की कशी निघते? कागदावर तर सगळं बरोबर असतं.

कागदावर बरोबर असावं यासाठीच तर टक्केवारी असते. अंदाजपत्रक फुगवायचं, ई-टेंडरची मर्यादा चुकवायला एकाच रस्त्याचे तुकडे पाडायचे, "मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत" एक काम आणि "टाकीपासून शाळेपर्यंत" दुसरं, तीन टेंडर भरणारे तिघंही एकाच टेबलावर जेवणारे. मग एमबी (म्हणजे कामाच्या मोजमापाची वही) लिहिताना चार इंचाचं काँक्रीट सहा इंच होतं. ठेकेदार म्हणतो वर द्यावं लागतं, वरचा म्हणतो अजून वर द्यावं लागतं, आणि सगळ्यात वर कोण हे कुणीच सांगत नाही.

मे २०२५ मध्ये धुळ्यात विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना गुलमोहर विश्रामगृहाच्या १०२ नंबरच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांवर रोकड सापडली, मोजायला मशिन आणावं लागलं, तपासाला एसआयटी नेमायची घोषणा झाली. पैसा कुणाचा ते तपास ठरवेल, आपण कुणाचं नाव घेण्यात अर्थ नाही. पण त्या आठवड्यात टपरीवर एकाही माणसाला आश्चर्य वाटलेलं मी पाहिलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

१०. निवडणुकीचा खर्चच सगळ्याचं मूळ आहे म्हणतात, खरं का?

मला तरी तसंच वाटतं. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. तुम्ही एक निवडणूक नीट बघा, गाड्या, डिझेल, रोजची शेवभाजी आणि पोरांचा "नाश्ता", मग ४० लाखांत बसतं का ते सांगा. तो पैसा कुणीतरी लावतो, आणि लावणारा शेतात बी टाकल्यासारखा लावतो.

पक्षांना मिळणारा पैसा तर अजून अंधारात. निवडणूक रोखे २०१८ ला आले, कोणी कोणाला किती दिले ते मतदाराला कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले. चांगलं झालं, पण २० हजारांपर्यंतच्या देणगीत देणाऱ्याचं नाव जाहीर करावं लागत नाही ती फट अजून आहेच.

११. मताचे पैसे घ्यायचे आणि मत मनासारखं द्यायचं, यात काय चूक?

कायद्याने देणारा पण गुन्हेगार, घेणारा पण, एक वर्षापर्यंत कैद. पण तुम्ही कायद्याबद्दल विचारत नाहीये हे मला कळतं. आमच्या ग्रुपमध्येच यावर भांडणं होतात. एक मित्र म्हणतो आपलेच पैसे परत येताहेत, घ्या. माझं म्हणणं असं की पाकीट घेतलेला माणूस पुढची पाच वर्षं गटारीची तक्रार करायला जातो तेव्हा नगरसेवक तोंडावर सांगतो, "फुकट दिलं का मत?" त्याला उत्तर नसतं. तक्रार करायची असेल तर लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो-व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत दखल घेणं अपेक्षित आहे.

१२. गावाने ठरवून सरपंचपद बोलीवर दिलं आणि पैसा मंदिराला लावला. खिशात कुणाच्याच गेला नाही, मग भ्रष्टाचार कसा?

नंदुरबारच्या खोंडामळीचं नाव घेऊन हे विचारतात. तिथं ४२ लाखांची बोली झाली होती, तिकडे नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याला २ कोटी ५ लाखांची. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणची निवडणूकच रद्द केली. कारण की ज्याच्याकडे ४२ लाख नाहीत त्याचा उभं राहायचा हक्क गेला, आणि ज्याचं त्या मंदिराशी घेणंदेणं नाही त्याच्या मताचा पण लिलाव झाला. आणि बोली लावणारा पुढं काय फक्त पुण्यावर समाधान मानेल? बिनविरोध आणि बोली यात फरक आहे, समजुतीने बिनविरोध करायला कुणाची हरकत नाही.

१३. आमदाराने सभागृहात पैसे घेऊन मत दिलं तर विशेषाधिकार म्हणून सुटतो का?

सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या निकालाने सुटत होता. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींनी सीता सोरेन प्रकरणात तो निकाल पुसला, आता संरक्षण नाही. आणि भ्रष्टाचाराच्या कायद्याखाली दोषी ठरला तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक बंद, कैद झाली तर सुटल्यावर पुढची सहा वर्षं. अपिलात दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली तर गोष्ट वेगळी, नुसता जामीन मिळाला म्हणजे मोकळा असं नाही.

१४. बाहेरच्या देशात कसं जमलं? तिकडची माणसं वेगळी आहेत का?

अजिबात नाही. हाँगकाँगमध्ये एके काळी पोलिसांपासून दवाखान्यातल्या आयापर्यंत सगळे पैसे घ्यायचे. १९७३ ला गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना पळाला, लोक रस्त्यावर उतरले, १९७४ ला पोलिसांपासून वेगळी अशी आयसीएसी यंत्रणा उभी केली, त्याला परत आणून १९७५ ला चार वर्षांची शिक्षा लावली. पण गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. १९७७ ला पोलिसांनीच बंड केलं आणि सरकारला जुन्या बहुतेक प्रकरणांवर पाणी सोडावं लागलं, म्हणजे "मागचं माफ, पुढं दिसलात तर बघा". मला आधी हे फार खटकायचं. आता वाटतं की सगळ्यांना तुरुंगात टाकायचं म्हटलं असतं तर तेही जमलं नसतं.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था देशांना स्वच्छ कारभाराचे गुण देते, तिच्या २०२४ च्या यादीत पहिला आलेला डेन्मार्क पण १०० पैकी ९० वर होता, आपण ३८ वर. शंभरावर कुणीच नाही.

१५. पगार दुप्पट करा नाहीतर फाशी द्या, यातलं काय चालेल?

वेतन आयोग आले की पाकिटं बंद झाली का, तुम्हीच सांगा. फाशी चीनमध्ये आहे, तिथं पण दरवर्षी नवीन पकडले जातातच. शिक्षा कडक असण्यापेक्षा ती वेळेवर होणं महत्त्वाचं, त्या उशिराबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिलंय.

१६. तापीवरचं पाडळसे धरण एवढी वर्षं रखडलं, हा भ्रष्टाचारच ना?

अमळनेरकर म्हणून मला हो म्हणायला फार आवडेल. आमच्या शाळेच्या वयात भूमिपूजनाच्या गप्पा ऐकल्या, आता पोरं विचारतात. पण रखडणं हा भ्रष्टाचाराचा पुरावा नाही. निधी तुटपुंजा मिळणं, भूसंपादन, पुनर्वसन, सरकारं बदलणं, या सगळ्यात पण धरण अडतं आणि दर वर्षी खर्च वाढतो. चोरी म्हणायची तर बिल, एमबी, टेंडर हातात घेऊन म्हणा. नाहीतर खरा चोर पण म्हणतो, "यांना सगळीकडे चोरच दिसतात."

१७. माहिती अधिकार टाकून काही होतं का? की नुसती धमकी मिळते?

दोन्ही होतं. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट, एक विषय, दीडशे शब्द, तीस दिवस. "गावातील सर्व कामांची माहिती द्यावी" असं लिहू नका, ते फेटाळायला सोपं. अमुक रस्त्याची एमबी, अंदाजपत्रक, अंतिम बिल, कार्यारंभ आदेशाची प्रत, एवढंच मागा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. धमकीची भीती असेल, विशेषतः गिरणा नदीच्या वाळूच्या भानगडीत, तर एकट्याने टाकू नका, चार-पाच जणांनी वेगवेगळे टाका, मग कुणाच्या घरासमोर डंपर उभा करायचा हे त्यांना कळत नाही. आणि माहिती अधिकार टाकून नंतर "मिटवायला" पैसे घेणारे पण आपल्यातच आहेत, त्यांच्यामुळे खऱ्याची किंमत जाते.

१८. सरपंच माझा चुलत भाऊ आहे. तक्रार केली तर घर तुटतं, नाही केली तर रोज त्याच रस्त्याने जायचं. काय करू?

याला कायद्यात कलम नाही. एका माणसाने काय केलं ते सांगतो. त्याने ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं, तिथं वित्त आयोगाच्या पैशातून कुणाला कधी किती गेले ते दिसतं. पेव्हर ब्लॉकच्या एकाच गल्लीची दोन बिलं दिसली. तो तक्रारीला गेला नाही. स्क्रीनशॉट मोठा प्रिंट करून रात्री भावाच्या घरी गेला, वहिनीने चहा ठेवला, त्याने कागद पुढं सरकवला आणि म्हणाला दादा, येत्या ग्रामसभेत हे कुणीतरी विचारणार, मी विचारू का तू आधीच सांगतोस? सरपंच बराच वेळ बोलला नाही. ग्रामसभेच्या आधी दुसऱ्या बिलाची गल्ली खरंच झाली.

आता यात गुन्हा माफ झाला का, तर कायद्याने नाही, आणि आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हे अजून पटलेलं नाही. पोळ्याला दोघं भाऊ बैलांची शिंगं रंगवायला एकत्र होते एवढं मी पाहिलं. गल्लीतले ब्लॉक मात्र एका बाजूने आत्ताच खचायला लागलेत.